पर्यावरणाचा पेपर मिळालाय? सोलापुरात हा विषय शिकायचा कसा

पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात 'पर्यावरण अभ्यास' दिसला की आपल्याकडची मुलं दोनच गोष्टी विचारतात. पास व्हायला किती लागतात, आणि गाईड कुठलं घ्यायचं? गाईड बाजारात मिळतं आणि त्यावर पासही होता येतं. तेवढंच हवं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

मी कला शाखेतून या विषयात आलो आणि इथेच रमलो. दर जुलैत ओळखीपाळखीतली मुलं येतात, त्यांना तेच ते सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. हा विषय कुठल्याच एका विभागाचा नाही. विज्ञानवाल्यांना तो 'सोशल' वाटतो, कलावाल्यांना 'केमिस्ट्री' वाटतो आणि कॉमर्सवाल्यांना आपला त्याच्याशी संबंधच काय ते कळत नाही. यावर मला माहीत असलेला उपाय एकच आहे. पुस्तक पहिल्या पानापासून वाचत सुटू नका. सोलापुरातला एक प्रश्न हातात धरा आणि तो घेऊन एकेका शाखेचं दार ठोठवा.

पायरी १ : तुमच्या वाट्याला नेमकं काय आलंय ते आधी पाहा

हा पेपर कॉलेजने हौसेने लावलेला नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. बरीच वर्षं काम रेंगाळलं, न्यायालयाने पुन्हा कान पिळले, तेव्हा कुठे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ च्या सुमारास पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम दिला. आठ घटक, ५० तासिका, त्यातल्या ५ क्षेत्रभेटीच्या. लेखी ७५ गुण, क्षेत्रकार्य २५. त्याच्या पहिल्याच घटकाचं नाव 'बहुविद्याशाखीय स्वरूप' असं आहे. बहुतेक मुलं तो घटक दोन पानांचा आणि सोपा म्हणून सोडून देतात आणि थेट 'परिसंस्था'वर उडी मारतात. खरं तर पुढचं सगळं कसं वाचायचं ते त्या दोन पानांतच सांगितलेलं असतं.

आता नवं शैक्षणिक धोरण आलंय, गुणांच्या जोडीला श्रेयांक (क्रेडिट्स) आलेत आणि वरची मांडणी जशीच्या तशी राहिलेली नाही. म्हणून पहिलं काम हे करा: पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जा आणि तुमच्या शाखेचा, तुमच्या प्रवेशाच्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. त्यात तीन गोष्टींखाली रेघ मारा: श्रेयांक किती, परीक्षा कॉलेजची की विद्यापीठाची, आणि प्रकल्प स्वतंत्र गुणांचा आहे की अंतर्गत मूल्यमापनात धरलाय.

सापळा : सिनियरच्या नोट्स. नोट्स चांगल्या असतील, पण पॅटर्न जुना असतो. दरवर्षी कुणीतरी रद्द झालेला घटक पाठ करून परीक्षेला बसतं.

सक्तीचा पेपर, ऐच्छिक किंवा मायनर विषय आणि पर्यावरणशास्त्राची स्वतंत्र पदवी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचं मी पहिल्या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. पदवीवाल्यांना प्रयोगशाळा याहून बरीच जास्त लागते.

पायरी २ : कागदपत्रं आणि सामान

प्रवेशाची कागदपत्रं नेहमीचीच: बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. श्रेयांक जमा होण्यासाठी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी लागतो. त्यावरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकच आहे का ते आत्ताच बघा, नंतर फार पळापळ होते.

क्षेत्रकार्यासाठी मात्र हे जमवा:

- कॉलेजच्या लेटरहेडवरचं, विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं पत्र, त्याच्या चार-पाच झेरॉक्स आणि स्वतःचं ओळखपत्र
- पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल (शाई पाण्याने आणि घामाने पसरते)
- साधं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आणि पीएच पट्ट्या (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणाऱ्या). दोन्ही स्वस्तात मिळतात
- झाकण घट्ट बसणाऱ्या स्वच्छ बाटल्या, चिकटपट्टी, मार्कर
- मोबाइलमध्ये जीपीएसची नोंद करणारं ॲप, फोटोवर तारीख-वेळ येईल असं
- टोपी आणि पाणी

टोपीची चेष्टा करू नका. मार्चनंतर इथल्या उन्हात दुपारी काम होत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी अकराच्या आत सगळं आटपायचं.

नकाशा हवाच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशात सोलापूर शहर ४७ ओ/१४ या पत्रकात येतं. विभागाच्या संकेतस्थळावर ते मिळतं. मोबाइलवरच्या नकाशात दुकानं दिसतात, या पत्रकात ओढे, विहिरी, बांध आणि उंचीच्या रेषा दिसतात. पाणी कुठून कुठे वाहणार हे उंचीच्या रेषांशिवाय कळत नाही.

पायरी ३ : प्रश्न निवडा, आणि तो बोटाने दाखवता येईल इतका लहान ठेवा

'जागतिक तापमानवाढ : एक अभ्यास' असा प्रकल्प घेऊ नका. 'सोलापूर शहरातील प्रदूषण' हाही नको, तो पाच जणांच्या पीएच.डी.चा ऐवज आहे. 'आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांनी का येतं?' हा चालेल.

हाच प्रश्न घेऊन दाखवतो. तो वाटतो तितका सरळ नाही.

सोलापूरकराला विचारा, पाणी का नाही? उत्तर येतं, 'दुष्काळी भाग की!' ते खोटं नाही. जिल्हा पर्जन्यछायेत आहे आणि वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण आता वही काढा आणि गुणाकार करा. कॉमर्सच्या मुलांनी इथे पुढे यावं.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण साडेनऊ लाख. शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा निकष माणशी रोज १३५ लिटर. म्हणजे दिवसाला जेमतेम १३ कोटी लिटर. वर्षाचे झाले साधारण ४,७०० कोटी लिटर. धरणाचं पाणी टीएमसीत मोजतात, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अंदाजे २,८३० कोटी लिटर. भागाकार केला की शहराची वर्षाची गरज येते १.६५ टीएमसी. २०११ नंतर वाढलेली वस्ती आणि गळती धरून सरळ दोन किंवा अडीच धरा.

आणि शहराला पाणी देणारं उजनी धरण? एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३-६४ मृतसाठा (म्हणजे तळाचा, नेहमीच्या दारांतून बाहेर न येणारा), उरलेला ५३-५४ उपयुक्त. वर्तमानपत्रात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, त्यामुळे शून्य टक्क्यालाही धरणात साठ-बासष्ट टीएमसीहून जास्त पाणी असतं. ही एक गोष्ट कळली तरी उन्हाळ्यातल्या निम्म्या बातम्या वेगळ्या वाचता येतात.

मग ५३ मधले दोन-अडीच मिळत नाहीत म्हणून नळ कोरडा आहे का? तसं म्हणता येत नाही. आणि इथे पहिल्या शाखेचं दार संपतं.

पायरी ४ : तोच प्रश्न घेऊन दारोदार फिरा

अभियांत्रिकीच्या दारात गेलात तर कळतं की शहराला पाणी तीन वाटांनी येतं. उजनीहून थेट जलवाहिनी, भीमेच्या पात्रातून सोडलेलं पाणी टाकळीजवळ उचलून, आणि उत्तरेचा हिप्परगा तलाव. जलवाहिनीची ताकद, पंपांची वीज, टाक्यांची संख्या, जुन्या वाहिन्या, एवढं सगळं नीट असेल तेव्हा नळ. धरण भरलेलं असूनही पाणी उशिरा येण्याची बरीच कारणं इथे सापडतात.

भूगोल आणि भूशास्त्र सांगतं की पात्रातून पाणी सोडलं की वाटेत ते मुरतं, उन्हाने उडतं आणि काठावरच्या मोटारी ओढतात. टाकळीचं पाणी अडवणाऱ्या भीमेवरच्या औजच्या बंधाऱ्यापर्यंत हवं तेवढं पोहोचवायचं तर कितीतरी पट जास्त सोडावं लागतं. जिल्ह्याखाली बेसॉल्ट आहे. तो कठीण खडक, पाणी धरतो ते भेगांत आणि कुजलेल्या थरात. म्हणून एका बोअरला पाणी लागतं आणि तिथून पन्नास फुटांवर धूळ निघते.

अर्थशास्त्राचं दार सगळ्यात जास्त वेळ घेतं, घेऊ द्या. उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं असं धरा. एका हेक्टरला झाले दोन कोटी लिटर. म्हणजे एक टीएमसी पाण्यात सुमारे १,४०० हेक्टर ऊस. (पावसाचा वाटा वजा करा, ठिबक असेल तर आणखी कमी करा. ढोबळ हिशेब ढोबळ म्हणूनच लिहायचा.) जिल्ह्यात ऊस किती आहे तो आकडा कृषी अधीक्षक कार्यालयातून आणा आणि स्वतः गुणाकार करून बघा. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपलं नाव वर आहे, आणि तेही पर्जन्यछायेत.

हे दिसलं की वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं, 'शेतकऱ्यांनी ऊस लावूच नये.' जरा थांबा. उसाला एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आहे, तो कायद्याने ठरतो आणि कारखाना तोडून नेतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण ज्वारीचा हमीभाव जाहीर झाला तरी तो दर हातात पडेल याची खात्री नाही, आणि काढणीला माणूस मिळत नाही. शेतकरी पाण्याचा हिशेब चुकत नाही, तो पैशाचा हिशेब बरोबर करतो. धोरणाचा प्रश्न इथून सुरू होतो, आणि त्यासाठी राज्यशास्त्राच्या मॅडमकडे जावं लागतं.

समाजशास्त्र शेवटी विचारतं: पाणी आलं त्या दिवशी घरी कोण थांबतं? त्याबद्दल पुढे लिहिलंय.

एकदा सवय लागली की कुठलीही बातमी अशी उघडता येते. १५ जून २०२३ ला होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा म्हणून सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी पाडली. त्यात विमानवाहतुकीचे नियम आहेत, बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वीज करण्याचं तंत्र आहे, बांधकाम परवानगी आहे, ऊस उत्पादकांचं गाळप आहे आणि निवडणुकीचं राजकारणही आहे. एका बाजूने लिहिलं तर पत्रक होतं. पाचही बाजूंनी लिहिलं तर तो या विषयाचा उत्तम प्रकल्प आहे, आणि मला वाटतं अजून कुणी तो मनासारखा केलेला नाही.

पायरी ५ : मोजायला उतरा

कलेच्या मुलांनी इथून पळून जाऊ नये. एक चाचणी तरी स्वतःच्या हाताने करा. मी सुचवीन पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. हिप्परगा किंवा कंबर तलाव, दोन्ही सोयीचे आहेत. हिप्परग्याचं जुनं नाव एकरूख. ब्रिटिशांनी १८७१ च्या सुमारास पूर्ण केलेला हा तलाव, इतिहासाच्या मुलांसाठी वेगळा विषय होईल.

काचेची ३०० मिलीची बीओडी बाटली (ऑक्सिजनच्या चाचणीची, घट्ट बुचाची) तिरकी धरून पाण्याखाली हळूच भरायची. खळखळ होऊ द्यायची नाही, आणि बूच लावल्यावर आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. लगेच, तिथेच काठावर, आधी मँगनस सल्फेट आणि मग अल्कली आयोडाइड सोडायचं, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो आणि हळूहळू तळाशी बसतो. साका पांढराच राहिला तर त्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. आम्ल घालून टायट्रेशन नंतर प्रयोगशाळेत होतं, पण तो रंग काठावरच दिसतो. रसायनं हातमोजे घालून आणि शिक्षक किंवा लॅब असिस्टंट सोबत असतानाच हाताळा.

सापळा : सगळे गट दुपारी तीनला जातात. पाणी शेवाळाने हिरवंगार असतं, उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, आकडा झकास येतो आणि अहवालात 'पाणी उत्तम' असं लिहिलं जातं. तेच पाणी पहाटे मोजा, रात्रभर त्याच शेवाळाने ऑक्सिजन खाल्लेला असतो. एकाच जागी पहाटे आणि दुपारी, अशा दोन वेळा मोजलंत तरी तुमचा अहवाल वर्गात उठून दिसेल.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० जवळ ठेवा: पीएच ६.५ ते ८.५, टीडीएस ५०० पर्यंत बरं, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत. टीडीएस मीटरवर आकडा कमी आला म्हणून पाणी शुद्ध ठरत नाही. जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. खेड्यातले असाल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे, त्यांच्याकडून शिकता येतं.

हवा मोजायला स्वतःचं यंत्र लागत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत सोलापूर आहे आणि केंद्रांचे आकडे उघड असतात. पीएम १० साठी (हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, २४ तासांची १००. या दोन्हींची गल्लत करू नका.

पायरी ६ : माणसांशी बोला, पण फॉर्म भरून घ्यायला जाऊ नका

'तुम्हाला पाणी पुरेसं मिळतं का? हो / नाही' असले पन्नास फॉर्म भरून पाय चार्ट काढणं म्हणजे सर्वेक्षण नव्हे. 'शेवटचं पाणी कधी आलं? किती वाजता? भरायला कोण होतं? त्या दिवशी कुठलं काम राहिलं?' असं विचारा.

शहराच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एका बाईंना आमच्यातल्या मुलीने हे शेवटचं विचारलं. त्या पान कात्रीने कापता कापता, मान वर न करता म्हणाल्या, 'पाणी आलं त्या दिवशी पाचशे विड्या कमी होतात बघ.' विडीची मजुरी हजारावर असते. म्हणजे नळाच्या वेळापत्रकाचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात नाही, तो या बाईंच्या मजुरीत पडतो. पन्नास फॉर्मांत हे आलं नसतं.

त्या भागात तेलुगू बोलणारी घरं बरीच आहेत, अक्कलकोटकडे कन्नड. वर्गातल्या ज्या मुलीला किंवा मुलाला ती भाषा येते त्याला पुढे करा. 'अक्का' म्हणून हाक मारली की उंबऱ्याच्या आत बसायला जागा मिळते. ज्यांच्याशी बोलाल त्यांचं नाव अहवालात घालू नका, वय आणि काम पुरेसं आहे. फोटो विचारूनच. कारखान्यात, यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा डाइंगमध्ये जायचं तर मालकांना आधी कॉलेजचं पत्र द्या. चोरून नाल्याचे फोटो काढत फिरलात तर तुमच्या मागून येणाऱ्या सगळ्यांची दारं बंद होतात.

पायरी ७ : सरकारी आकडे मिळवा

पाण्याच्या पातळीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. ऑक्टोबर आणि मेमधला फरक काढला की विहिरीचं वर्ष कसं गेलं ते कळतं. उद्योग आणि सांडपाण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, त्याचं उपप्रादेशिक कार्यालय सोलापुरातच आहे. कचऱ्यासाठी महापालिकेचा घनकचरा विभाग.

आधी पत्र घेऊन स्वतः जा. साहेब जेवणानंतर जागेवर असतीलच असं नाही, सकाळी जा. बऱ्याचदा बसवून घेऊन आकडे देतात. नाहीच दिले तर माहिती अधिकार: जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. 'प्रदूषणाची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर काहीच येणार नाही. 'अमुक ठिकाणच्या पाण्याच्या नमुन्यांचे, अमुक ते अमुक कालावधीतील तपासणी अहवाल' असं लिहा. आणि सत्र संपायला महिना उरला असताना अर्ज करू नका, उत्तर येईपर्यंत निकाल लागलेला असतो.

जुन्या काळासाठी सोलापूर जिल्हा गॅझेटियर, १८८४ चं मुंबई इलाख्याचं आणि नंतरचं राज्याचं. ज्वारी, दुष्काळ, तलाव, गिरण्या, सगळं त्यात आहे.

पायरी ८ : नन्नजला जाऊन या, आणि घोषणा घरी ठेवा

बार्शी रस्त्यावरचं नन्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ चं. या विषयात जे जे अवघड आहे ते सगळं इथे एका माळावर भेटतं, म्हणून क्षेत्रभेट एकच करायची असेल तर ही करा.

अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात शेतं, गावं, रस्ते, सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोक पक्ष्यावरच चिडले. वर्षानुवर्षं वाद चालला आणि पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. या काळात माळढोक कमी कमी होत गेला. आज तिथे तो दिसला तर बातमी होते. काळवीट मात्र दिसतील, नशीब असेल तर लांडगाही.

आता यातला झाडांचा भाग बघा. माळढोकाला उघडा गवताळ माळ लागतो, दूरवरचं दिसायला हवं. सरकारी नोंदीत मात्र माळ म्हणजे 'पडीक', आणि पडीक दिसलं की झाडं लावायची. माळरानांवर गिरिपुष्पासारखी झाडं लागली आणि पक्ष्याची जागा गेली. 'झाडे लावा' ही घोषणा शाळेपासून आपल्या अंगात इतकी भिनलीय की झाड लावल्याने नुकसान होऊ शकतं हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात. माळावर उभं राहून सांगितलं की हसत नाहीत.

जाण्याआधी वनविभागाच्या वन्यजीव शाखेकडून परवानगी घ्या. ड्रोन नको, पांढरे-लाल कपडे नकोत, घरटं दिसलं तर मागे फिरा. आणि येताना जवळच्या गावातल्या एखाद्या शेतकऱ्याशी बोलल्याशिवाय येऊ नका. अभयारण्याबद्दल वनपाल सांगतात ते आणि शेतकरी सांगतो ते शेजारी शेजारी लिहा. दोघांचा मेळ घालायची घाई नको.

पायरी ९ : अहवाल

वीस पानं पुरतात. प्रश्न, जागेचा नकाशा, कसं मोजलं, काय आलं, कोण काय म्हणालं, कुठे खात्री नाही. प्रस्तावनेत 'पर्यावरण ही काळाची गरज आहे' हे वाक्य नको, परीक्षकाने ते सकाळपासून वाचलेलं असतं. कायदे आणायचे तर कामापुरते: पाण्यासाठी १९७४ चा, हवेसाठी १९८१ चा, वन्यजीवांसाठी १९७२ चा, सगळ्यावर छत्री म्हणून १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. नुसती यादी देऊ नका, तुमच्या नाल्याला कुठला कायदा लागतो ते सांगा.

गट करताना एकाच शाखेचे पाच मित्र घेऊ नका. एक मोजणारा, एक बोलणारी, एक हिशेब करणारा असा करा. भांडणं होतील. विज्ञानवाला म्हणेल बाईंचं बोलणं म्हणजे पुरावा नव्हे, कलावाली म्हणेल तुझ्या बाटलीत माणूस कुठे आहे. हे भांडण अहवालात एक परिच्छेद म्हणून घाला, तोंडी परीक्षेत प्रश्न नेमके तिथूनच येतात.

पायरी १० : पुढे जायचं असेल तर

पदवी कुठल्याही शाखेची असली तरी काही वाटा खुल्या असतात. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राला बहुतेक ठिकाणी विज्ञानाची पदवी मागतात. समाजकार्य, विकास अभ्यास, पर्यावरण कायदा किंवा धोरण यांना कला-वाणिज्यवाले जाऊ शकतात. पात्रता त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकातच बघा. शिकवायचं असेल तर नेटमध्ये (प्राध्यापक होण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, कोड ८९.

नोकरी इथेच हवी असेल तर साखर कारखाने, आसवनी, औष्णिक वीज प्रकल्प आणि एमआयडीसीतले मोठे युनिट यांना सांडपाणी प्रक्रिया आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची कागदपत्रं सांभाळणारी माणसं लागतात. मुलाखतीत ते प्रमाणपत्राइतकंच हे विचारतात की नमुना स्वतः घेतलाय का. क्युजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, दुसऱ्या सत्राच्या सुट्टीत शिकून घ्या. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या संगणक कक्षात बसवून मागा, सुट्टीत तो रिकामाच असतो.